वेंगुर्ल्याची घरे आणि आपली आवड

वेंगुर्ल्याला जायचे तर कोकण रेल्वेने कुडाळला किंवा सावंतवाडी रोडला उतरायचे आणि पुढे एसटी किंवा रिक्षा धरायची. वाटेत काजूच्या बागा मागे पडून माड दिसू लागले की समजायचे, गाव जवळ आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे नीट पाहत गेलात तर शंभर-दीडशे वर्षांचा हिशोब बसल्या जागी वाचता येतो. आधी चिऱ्याची कौलारू घरे, पुढे पडवी आणि पडवीपुढे सारवलेले खळे. मग तीच घरे, पण पडवीला लोखंडी ग्रील बसलेली. मग सपाट डोक्याची स्लॅबची घरे, जिन्यावर पत्रा टाकलेली. आणि मध्येच एखादा गुलाबी किंवा जांभळा दुमजली बंगला: गोल खांब, गच्चीला सिमेंटचा नक्षीदार कठडा, काळ्या काचांच्या सरकत्या खिडक्या. त्याच्याबद्दल विचारावे लागत नाही, रिक्षावालाच हात करून सांगतो, "ह्या दुबयवाल्याचा."

या बंगल्यांना हसणे सोपे आहे, आणि शहरातून आलेले लोक हसतातही. मला ते आवडत नाही. ज्या माणसाने एका खोलीत पाच जणांबरोबर दुमजली खाटांवर नऊ-नऊ, दहा-दहा वर्षे काढली, त्याला गावात आपले काहीतरी उभे दिसावे असे वाटणे अगदी माणसासारखे आहे. प्रश्न वेगळा आहे. त्या बंगल्यात राहणाऱ्या बाईला जुलै महिन्यात जाऊन विचारा. मखमली सोफ्यावर पांढरी बुरशी येते. भुशाच्या फळ्यांची कपाटे ओल पिऊन फुगतात, दारे लागत नाहीत. पीओपीच्या छतावर चहासारखे डाग पडतात. खाऱ्या वाऱ्याने ग्रील गंजते आणि चकचकीत फरशीवर ओल्या पायांनी येणारी पोरे घसरतात. वेंगुर्ल्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपट, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराची सजावट या चार महिन्यांना विचारल्याशिवाय केली तर ती पाचव्या महिन्यात पुन्हा करावी लागते.

हे सगळे मी लिहायला घेतले ते माझ्या फुफूच्या घरामुळे. मागच्या मे महिन्यात आठ दिवस तिच्याकडे होते. बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिचे घर. तिचे सासरे मुंबईला बोटीवर होते, तेव्हा त्यांनी बांधलेले. आता घरात फुफू, तिची सून म्हणजे आमची भाभी, आणि दोन मुले. मुलगा मस्कतला, नववे वर्ष. धाकटा नातू सहा वर्षांचा आहे आणि त्याने बापाला सुट्टीतच पाहिलेले आहे.

घर नव्याने करायचे ठरले होते. कंत्राटदाराने रंगीत नकाशे करून दिले होते. कौले उतरवून स्लॅब, पडवी सरकत्या काचांनी बंद करून तिचा हॉल, वर पीओपीचे छत आणि त्यात रंग बदलणारे दिवे, पश्चिमेच्या भिंतीवर टीव्हीचे मोठे कपाट आणि त्याच्या वर मक्का-मदिनेचे मागून उजळणारे चित्र, एल आकाराचा मखमली सोफा, व्हिट्रिफाइड फरशी. अंदाज १४ लाखांचा. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात आधीच ठरलेले, त्यामुळे आतेभाऊ फोनवर म्हणाला, "हरकत नाही, अजून तीन वर्षे काढतो." फुफू काही बोलली नाही. भाभी उठून चुलीकडे गेली.

त्या रात्री मी कंत्राटदाराच्या कागदामागे एक वेगळा हिशोब मांडला. १४ लाख म्हणजे ३६ महिने धरले, तर छताचे चार महिने, फरशीचे पाच, सोफ्याचे दोन, टीव्हीचे कपाट आणि ते उजळणारे चित्र मिळून तीन. भाभीला दाखवला. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "चित्राचे किती म्हणालात?"

पण केवळ पैसे वाचवा असे सांगून भागत नाही. भाभीला घर सुंदर हवे होते, आणि तसे वाटण्यात गैर काहीच नाही. अल्लाहने दिलेली शोभा हराम कोणी केली, असा सवाल सूरह आराफमध्ये आहे, आणि त्याच्या आधीच्याच आयतीत उधळपट्टीला मनाई आहे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी. सूरह नहलमध्ये घराचा उल्लेख अल्लाहची देणगी म्हणून येतो, आणि तो निवांतपणाची जागा म्हणून येतो. तेव्हा सुंदर हवे हे मान्य. कोणते सुंदर, आणि कोणाच्या डोळ्यांना, हे शोधायचे होते.

भाभीच्या मोबाईलमध्ये दोनशेहून जास्त फोटो साठवलेले होते. तुर्की दिवाणखाने, मोरोक्कोची अंगणे, कुठल्या तरी थंड देशातल्या पांढऱ्या खोल्या, केरळातली लाकडी घरे, हैदराबादच्या लग्नघरातली झुंबरे. दोन दुपारी आम्ही ते एकेक करून पाहिले. अट एकच: प्रत्येक फोटोत नेमके काय आवडले ते एका शब्दात सांगायचे. सुरुवातीला ती वस्तूंची नावे घेत होती: सोफा, झुंबर, पडदे. वीसेक फोटोंनंतर शब्द बदलले. मोकळे. खाली बसलेत. उन्ह तिरपे आलेय. भिंत पांढरी. दारातून झाड दिसते. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारत होते. शेवटी मोजले तर निम्म्याहून जास्त फोटोंत माणसे जमिनीलगत बसलेली होती. मखमली सोफा तिने मोजून चारदा निवडला होता. आतेभावाने पाठवलेले फोटोही त्यातच होते, त्याच्या मालकाच्या घरातल्या मजलिसचे: दाराजवळची पाहुण्यांची खोली, तीन भिंतींना लागून बुटक्या गाद्या आणि लोड, मध्ये गालिचा, त्यावर खजूर आणि कॉफीची किटली. भाभी तो फोटो मोठा करून पाहत होती आणि पाहताना ती स्वतः पडवीतल्या चिऱ्याच्या बुटक्या कट्ट्यावर, भिंतीला पाठ लावून बसली होती. मी काही बोलले नाही. तिच्याच लक्षात आले.

भगिनींनो, आपली आवड कळायला माझ्या मते याहून मोठी विद्या लागत नाही. वस्तू बाजूला ठेवायच्या आणि आपण कसे बसतो, कुठे टेकतो, कोणत्या वेळी घराच्या कोणत्या भागात असतो, ते पाहायचे. आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केले. फजरपासून इशापर्यंत कोण कुठे असते ते लिहिले. पडवी जिंकली. सकाळी मासे साफ करायला, दुपारी मुलांच्या अभ्यासाला, कोळीण टोपली उतरवते ती तिथेच, शेजारच्या काकू भाजी निवडत बोलायला बसतात त्याही तिथेच. आणि अस्र ते मगरिब तिथे फुफूचा वर्ग. मोहल्ल्यातली अकरा मुले कायदा आणि नाझरा शिकायला येतात. चटया पसरतात, रेहल उघडतात आणि अकरा आवाज एकदम सुरू होतात. हे काम फुफू पंचवीसएक वर्षे करते आहे आणि त्याचे कोणाकडून काही घेत नाही.

नकाशात पडवी नव्हती. मुले कुठे बसतील असे विचारल्यावर कंत्राटदार म्हणाला होता, हॉलमध्ये. तो खोटे बोलत नव्हता. पण ओले पाय, चकचकीत फरशी, मखमली सोफा आणि सरकती काच यांच्या मध्ये अकरा मुले किती पावसाळे टिकली असती? त्यांना कोणी येऊ नका म्हटले नसते. फक्त एखाद्या जूनमध्ये दोन कमी आली असती, पुढच्या वर्षी आणखी चार. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नये असे शिकवले आहे. पडवी म्हणजे त्या परवानगीसाठी बांधलेली जागा आहे. आलेला माणूस बाहेर उन्हात ताटकळत नाही, आणि आतल्या बायकांना पदर सावरत धावपळही करावी लागत नाही. ती काढून घेतली की मग दाराला कॅमेरा लावावा लागतो.

मग आम्ही गाव पाहायला निघालो, घरे पाहण्याच्या नजरेने. आधी डच वखार. डचांनी १६३७ मध्ये इथे ठाणे घातले. तेव्हा हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि गादीवर मुहम्मद आदिलशाह. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करायला डचांना ही जागा सोयीची होती. पुढे वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडे आणि १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले. वखार आज राज्य संरक्षित स्मारक आहे, पण संरक्षण नावापुरतेच वाटते. छत केव्हाच गेले, भिंतींतून झाडे उगवली आहेत. तरी आत उभे राहिले की दुपारचा घाम थांबतो. भिंती जांभ्याच्या, हात पुरणार नाही इतक्या जाड. हॉलंडहून आलेल्या व्यापाऱ्यांनीही बांधकामाला इथलाच दगड घेतला, त्यांच्या देशातली भाजकी वीट आणत बसले नाहीत. चिरा खाणीतून कापताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने केरळात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिले. आमच्या भाभीने भिंतीला हात लावून विचारले, "याला गिलावा का नाही केला?" तोवर ती चिऱ्याला गरिबाचा दगड समजत होती, कारण तिच्या माहेरी पैसे आले की पहिल्यांदा चिरा सिमेंटने झाकायचे.

बंदराकडे जाताना जुनी घरे आहेत, त्यांच्या कौलांकडे पाहत गेलो. मंगलोरी कौल हे तसे परदेशी पाहुणेच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौले गलबतांनी किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधी नळ्याची कौले किंवा गवत. म्हणजे ज्याला आज आपण 'अस्सल कोकणी' म्हणतो ते छप्परही एके काळी बाहेरून आलेले, जर्मन-स्विस पाद्र्यांच्या कारखान्यातले. मग ते आपले कसे झाले? पावसाने त्याची परीक्षा घेतली आणि ते पास झाले, म्हणून. मस्कतच्या मजलिसला किंवा तुर्की दिव्यालाही तीच परीक्षा लावावी. बाहेरचे म्हणून नाकारू नये आणि बाहेरचे म्हणून घेऊही नये.

कौलांविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र सांगायला हवी, जी ते सांगत नाहीत: माकडे. सिंधुदुर्गात माकडांच्या टोळ्या कौलांवरून उड्या मारतात आणि दर पावसाआधी शाकारणीला माणूस मिळता मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी, फुटलेली कौले, सडलेले रीप. लोक हौस म्हणून स्लॅब घालत नाहीत. फुफू मला म्हणाली, "रात्री तीन वाजता बादल्या ठेवायला तू येणार आहेस का?" तिचे बरोबर होते.

तसेच अंधाराचे. जुन्या घरात पडवी हवेशीर, पण माजघर आणि स्वयंपाकघर काळोखे. बाईमाणूस दिवसाचे आठ-दहा तास धुरात आणि चिमणीएवढ्या उजेडात. न्हाणीघर मागच्या दारी, पावसात भिजत जायचे. परंपरा म्हणून हे जपा असे जो म्हणेल त्याने तिथे एक रमजान काढून पाहावा, सहेरीपासून. जुन्या घरातून काय ठेवायचे हे ठरवताना त्या घरात कोण खूश होते हेही विचारले पाहिजे. कंत्राटदाराच्या १४ लाखांत स्वयंपाकघराच्या वाट्याला टाइल्स आणि एक्झॉस्ट पंखा एवढेच होते, कारण स्वयंपाकघर पाहुण्यांना दिसत नाही. फुफूच्या गुडघ्यांसाठी घरातच खुर्चीसारखा संडास आणि धरायला नळी, ही गोष्ट तर यादीतच नव्हती.

एक दिवस सावंतवाडीला गेलो. मोती तलावाला वळसा घालून चितार आळीत. लाकडी फळे, भाज्या, लाखेचे रंग दिलेले पाट, पाळण्यावरची खेळणी. पूर्वी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरत, आंब्याचेही वापरतात. लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी टेकवली की घासण्याच्या उष्णतेने रंग वितळून लाकडात बसतो. तो रंगवल्यासारखा वर राहत नाही, म्हणून सहसा पोपडा धरत नाही. तिथेच गंजिफा पाहिल्या. गोल, हातांनी रंगवलेले पत्ते. शब्द फारसी, खेळ मोगलांबरोबर आलेला. बाबरने १५२७ च्या सुमारास एकाला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डावात ९६ पत्ते. इथे त्याला दशावताराचे रूप मिळाले आणि पत्ते १२० झाले. ही कला संपत आली होती, ती सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. इराणातून निघालेली वस्तू सावंतवाडीत येऊन विष्णूचे दहा अवतार धारण करते, हे पाहून भाभीला हसू आले. आमच्या घरात भिंतीवर माणसांची, देवांची चित्रे लावत नाहीत, त्यामुळे गंजिफा आम्ही पाहून कौतुक करून परत ठेवल्या. पण त्यांच्या कडेची वेलबुट्टी भाभीच्या डोक्यात राहिली. तिने बुटक्या बाकासाठी आठ खुर सांगून ठेवले, लाल आणि हळदी लाखेचे, कडेला तशीच वेल.

चित्रांवरून हजरत आयेशा (र.) यांची ती हदीस आठवते. त्यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. प्रेषित (स.) सफरीवरून परतले, त्यांना तो पडदा आवडला नाही आणि तो उतरवला गेला. हजरत आयेशांनी (र.) त्याच कापडाच्या उशा केल्या. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मनाईचा भाग आपण सगळे ऐकून असतो; उशांकडे कोणी थांबत नाही. कापड फेकले नाही. भिंतीवरून निघाले आणि टेकायला आले. दुसऱ्या एका हदीसमध्ये पडद्यावरची नक्षी नमाजमध्ये डोळ्यांसमोर येत राहते म्हणून तो बाजूला करायला सांगितल्याचे आहे. उशी आणि बिछान्यांविषयीही मुस्लिम शरीफमध्ये एक हदीस आहे: एक बिछाना नवऱ्याचा, एक बायकोचा, तिसरा पाहुण्याचा, आणि चौथा सैतानाचा. फर्निचरच्या दुकानात जाण्याआधी मोजून घ्यायला बरी आहे.

आता पश्चिमेच्या भिंतीविषयी, कारण या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. वेंगुर्ल्यात किब्ला पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कललेली, साधारण १५ अंश. समुद्रही पश्चिमेला. आणि पावसाचा मारा समुद्राकडून येतो, त्यामुळे घरात सर्वांत ओली होणारी भिंत पश्चिमेचीच. फुफूच्या घरात ती भिंत रिकामी होती. ना कपाट, ना चौकट, फक्त चुना, त्यात जराशी नीळ घातलेली. तिच्यासमोर मुसल्ला. कंत्राटदाराला ती भिंत 'वाया गेलेली' वाटली, म्हणून सगळी सजावट त्याने तिच्यावरच टांगली: टीव्ही, कपाट, उजळणारे चित्र. प्लायवूडच्या मागे पहिल्याच पावसात बुरशी धरली असती, दुसऱ्या वर्षी वाळवी. आणि नमाजला उभे राहिले की समोर टीव्हीची काळी काच. दीनच्या बाजूने विचार करा की चुन्याच्या बाजूने, उत्तर एकच येते: ही भिंत मोकळी सोडा आणि तिला श्वास घेऊ द्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. प्लॅस्टिक रंगाखाली ती अडकते आणि पापुद्रे निघतात. फुफूचा कुरआन शरीफ समोरच्या, आतल्या भिंतीच्या कोनाड्यात असतो, कोरड्या जागी. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. तिच्या सासूने ओल्या भिंतीवर एक जुनी प्रत गमावली होती, तेव्हापासून.

शेवटी ठरले ते असे. स्वयंपाकघर, नवे न्हाणीघर आणि त्यांच्यामधली एक खोली यांवर स्लॅब. तिथे माकडांचा प्रश्न संपला. माजघर आणि पडवीवर कौलेच, सडलेले वासे बदलून, आणि पडवीवर चार काचेची कौले, म्हणजे मुलांच्या कायद्याच्या अक्षरांवर उजेड पडेल. पडवी उघडी. पूर्वी पावसात तिला माडाच्या चुडतांची विणलेली झापे बांधत, हल्ली सगळीकडे निळी ताडपत्री फडफडते. भाभीने वर गुंडाळता येणारे बांबूचे चिक निवडले. फरशी लाल कोब्याचीच, भेगा बुजवून पुन्हा घोटलेली. त्या कामाचा म्हातारा गवंडी शोधायला दोन आठवडे गेले, पण व्हिट्रिफाइडच्या मानाने खर्च बराच कमी आला. स्वयंपाकघराला पूर्वेकडे रुंद खिडकी, आणि ओटा भाभीच्या उंचीचा, कंत्राटदाराच्या मापाचा नव्हे.

ती मधली खोली आतेभावाची. आम्ही हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "पडवी ठेवा, कौले ठेवा, मला काही नको. फक्त एक खोली द्या जिचे दार आतून लागते." नऊ वर्षे ज्याच्या झोपण्याला दार नव्हते त्याची आवड ही. त्या खोलीला एसी आहे, जाड दार आहे, मोठा पलंग आहे, आणि त्यात मी एका पैशाचीही काटछाट सुचवली नाही. भाभीने तिथे गडद निळे पडदे लावायचे ठरवले आहे. दिवसा झोपणाऱ्याला अंधार लागतो, आणि तो पहिले आठ दिवस झोपणार हे सगळ्यांना माहीत आहे.

घरातून निघालेल्या जुन्या सामानाचे काय करायचे हा प्रश्न वेंगुर्ल्यात इतर ठिकाणांपेक्षा सोपा जातो. इथल्या नगरपालिकेने काही वर्षांपूर्वी कचऱ्याचे इतके बारीक वर्गीकरण सुरू केले की तिथला कचरा डेपो लोक तिकीट काढून पाहायला येऊ लागले. ओल्याचा गॅस होतो, प्लॅस्टिक कुटून रस्त्याच्या डांबरात जाते. त्यामुळे गावाला वस्तू वेगवेगळ्या ठेवायची सवय आहे. फुटकी कौले खळ्याच्या कडेला उभी रोवून अळी झाली. फणसाच्या जुन्या दाराची फळी बाकाला गेली. फणसाचे लाकूड जुने होईल तसे पिवळ्याचे तांबूस होत जाते, तेव्हा त्याला पॉलिशचा खर्चही नाही. सासऱ्यांची बोटीवरची पत्र्याची पेटी विकायला काढली होती, ती मुलांच्या रेहल ठेवायला राहिली.

सगळा अंदाज साडेसात लाखांवर आला. महिन्यांत मोजले तर एकोणीस-वीस. आतेभावाने कंपनीत पुढच्या करारासाठी दोनच वर्षांचा कागद भरला आहे.

स्लॅबचे आणि कौलांचे काम पाऊस लागायच्या आत उरकले. आतले रंगकाम राहिले आहे. पुढच्या दाराच्या रंगावरून सासू-सुनेचे अजून एकमत नाही. फुफूला पूर्वीचाच निळा हवा, भाभीला कैरीसारखा हिरवा. घाई करूनही उपयोग नाही, कारण श्रावणात वेंगुर्ल्यात रंगारी मिळत नाही. गणपतीआधी सगळा गाव घरे रंगवतो. आमचा रंगारी म्हणाला आहे, चतुर्थी झाली की येतो, तोपर्यंत दोघी ठरवा.